ड्रमसेटची खालची पानं: निवडायची कशी, बदलायची कशी

मागच्या लगीनसराईच्या तोंडावर जिंतूरकडचा एक पोरगा छोट्या हत्तीत सेट टाकून परभणीला माझ्याकडे आला. बारा इंची टॉम (सेटमधला मधल्या आकाराचा, तारा नसलेला ड्रम) माझ्या हातात देत म्हणाला, "सर, दोनदा पान बदललं, तरी बादली वाजवल्यावाणी वाजायलाय." वरचं पान खरंच कोरं करकरीत होतं. मी टॉम उलटा केला. खाली सेट विकत घेतला तेव्हाचंच पान. कडेनं धुळीची काळी रेघ, सहापैकी एक स्क्रू गायब आणि दुसरा नुसत्या बोटांनी फिरेल इतका ढिला.

"हे कधी बदललं?"

"ते पण बदलायचं असतंय का?"

मीही पहिली चार वर्षं ते बदललं नव्हतं, म्हणून त्याला हसलो नाही. काठी लागते ती वरच्या पानाला. खालचं दिसत नाही, फाटत नाही, मग त्याच्याकडे लक्ष कोण देणार? पण सेट बेसूर वाटायला लागला आणि खिशात एकाच बाजूच्या पानांचे पैसे असले, तर मी आधी खालची घ्या असं सांगतो. हे ऐकून बरेच वादक भुवया उंचावतात. उंचावू देत.

बोलीचं आधी सांगतो. ढोलकी, हलगी, ताशा यांच्या सवयीनं आपण 'पान' म्हणतो; दुकानात मात्र 'हेड' मागायचं. वरचं ते 'बॅटर', खालचं ते 'रेझोनंट', थोडक्यात 'रेझो'. स्नेअरच्या, म्हणजे पोटाखाली तारा लावलेल्या ड्रमच्या, खालच्या पानाचं नाव वेगळं आहे: 'स्नेअर साइड'. हे शेवटचं नाव पाठ करून ठेवा, कारण याच्यावरून मी एकदा चांगलाच आपटलोय. ते पुढे येईलच.

खालचं पान नेमकं करतं काय

घरीच एक प्रयोग करा. टॉमवर एक काठी मारा आणि शेवटपर्यंत ऐका. आता डावा तळवा खालच्या पानाला टेकवून तशीच दुसरी काठी मारा. ठोका तसाच येईल, पण त्याच्या मागची गुंज कापल्यासारखी जाईल. ती गेलेली गुंज म्हणजे खालच्या पानाचं काम. वरच्या पानावर काठी पडली की आतली हवा खाली ढकलली जाते, खालचं पान हलतं, ते हवा परत वर लोटतं, आणि दोन्ही पानं काही क्षण अशी एकमेकांना झुलवत राहतात. ठोक्याचा आवाज, काठीचा चटका, उसळी हे वरचं पान ठरवतं. स्वर किती वेळ टिकेल, शेवटी सरळ राहील की खाली घसरेल, हे बरंचसं खालच्याच्या हातात असतं.

हलगीला एकच पान, तुळजापूरच्या गोंधळ्याच्या संबळालाही एका भांड्याला एकच. त्यांचा आवाज म्हणूनच मोकळा आणि तोडून टाकल्यासारखा येतो. १९७०च्या दशकात परदेशात टॉमची खालची पानं काढूनच टाकायची पद्धत निघाली होती. आवाज कोरडा आणि आखूड येतो, रेकॉर्डिंगला सोपा पडतो. आजही कुणाला तसाच हवा असेल तर चूक नाही. पण मंडपात, उघड्यावर, भीमजयंतीच्या स्टेजवर टॉम भरून वाजायचा असेल तर दोन्ही पानं धडधाकट पाहिजेत.

कोणतं पान घ्यायचं

आजची पानं प्लास्टिकच्या पातळ फिल्मची असतात. १९५०च्या दशकापर्यंत वासराचं कातडं होतं. ते पावसाळ्यात ढिलं पडायचं आणि उन्हाळ्यात ताणायचं, आपल्या हलगीसारखंच. हलगीवाला वाजवायच्या आधी जाळ करून हलगी शेकतो, तसं तिकडचे ड्रमवालेही पानाला ऊब द्यायचे. १९५६-५७च्या सुमाराला चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी अमेरिकेत पॉलिएस्टर फिल्मची पानं बाजारात आणली आणि ती कटकट संपली. इव्हान्स आणि रेमो ही दोन नावं आजही दुकानात सगळ्यात आधी कानावर पडतात ती यामुळेच.

फिल्मची जाडी 'मिल'मध्ये मोजतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. 'मिलिमीटर' समजून घोटाळा करू नका, तसं असतं तर पान पत्र्यासारखं झालं असतं.

टॉमच्या खाली एकपदरी, पारदर्शक, १० मिलचं पान घ्या. नवशिक्याला यापुढे विचार करायची गरज नाही. रेमोचं क्लिअर अँबॅसडर, इव्हान्सचं जी-वन किंवा त्यांचंच जेनेरा रेझोनंट ही सगळी १० मिलचीच. याहून पातळ हवं असेल तर साडेसात मिलचं डिप्लोमॅट मिळतं. आवाज उजळ होतो, हलक्या ठोक्यालाही लगेच दाद देतो, पण हाताळताना जपावं लागतं. टेम्पोत सेट टाकून गावोगाव फिरणाऱ्यानं १० मिलवरच थांबावं.

दोनपदरी किंवा मध्ये तेल भरलेली पानं वरच्या बाजूची. दणकट असतात म्हणून कुणी खाली लावतो, आणि मग म्हणतो टॉम मुका झाला. खालच्या पानाला कुणी मारत नाही, त्याला दणकट असायचं कारणच नाही. कोटिंगवालं, म्हणजे पांढरं खरबरीत पान खाली लावलं तर आवाज थोडा मऊ येतो. चालतं, पण पहिल्यांदा घेताना साधं पारदर्शकच घ्या.

वरून काढलेलं जुनं पान खाली लावावं का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. खड्डे पडलेलं असेल तर नाही. काठीनं फिल्म जिथं ताणली गेली तिथं ती कधीच सरळ होत नाही, आणि स्वर नासतो.

आता स्नेअर. त्याचं खालचं पान साधारण ३ मिलचं असतं, ट्रेसिंग पेपरसारखं, हातात धरलं तरी भीती वाटावी असं. २ मिलचं आणि ५ मिलचंही मिळतं. दोन मिलचं अगदी नाजूक आवाजात वाजवणाऱ्यांसाठी, पाचचं जोरात वाजवणाऱ्यांसाठी, आणि तीनचं आपल्यासारख्या सगळ्यांसाठी. इतकं पातळ लागतं कारण त्याच्या खाली तारा टेकलेल्या असतात, आणि वर नुसतं बोट टेकवलं तरी त्या तारांनी बोललं पाहिजे.

मी आपटलो तो इथंच. जालन्याकडं एका गावात रात्री कार्यक्रम होता आणि स्नेअरचं खालचं पान दुपारीच फाटलं. वाटेत एका दुकानात चौदा इंची हेड मागितलं. दुकानदारानं दिलं, वर म्हणाला, "खालचं-वरचं सगळं एकच असतंय, दादा." घाईत मीही मान डोलावली. संध्याकाळी बसवलं, तारा लावल्या, आणि स्नेअर काही केल्या स्नेअरसारखा वाजेना. जोरात मारलं की मागून तारा खर्रर करून यायच्या, हळू मारलं की नुसता टॉम. ते वरच्या बाजूचं जाड कोटिंगवालं पान होतं. त्या रात्री लावणीच्या गाण्यात मी सगळ्या नाजूक जागा हाय-हॅटवर (पायानं उघडझाप करायच्या झांजांवर) काढून वेळ मारून नेली. तेव्हापासून दुकानात पाकिटावरचं 'स्नेअर साइड' वाचल्याशिवाय पैसे काढत नाही.

मापाचं एवढंच: माप खोडाचं, म्हणजे ड्रमच्या भांड्याचं घ्यायचं, पान दाबून धरणाऱ्या लोखंडी कड्याचं, म्हणजे रिमचं नाही. रिम बाहेरून मोठी असते. पान काढून खोडाच्या एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, बरोबर मधून टेप धरा. बाजारातल्या बहुतेक सेटचे टॉम १० आणि १२ किंवा १२ आणि १३ इंची, फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा असतो तो) १४ किंवा १६, स्नेअर १४, बेस (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) २२ असतो. वरात काढणाऱ्या बँडच्या जुन्या साइड ड्रमला पान घ्यायचं असेल तर मोजल्याशिवाय ऑर्डर देऊच नका.

परभणी-नांदेडकडच्यांना चांगल्या पानांसाठी पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडतं, आणि देवगिरी एक्स्प्रेसनं जाणारा कुणी ना कुणी ओळखीचा निघतोच. ऑनलाइन मागवलं तर पार्सल उघडताना पान उजेडात तिरकं धरून बघा. घडी पडलेली असेल तर तेव्हाच परत करा.

टॉमचं पान बदलताना

सामान फार लागत नाही. ड्रमची चावी (शक्यतो दोन), जुनं सुती फडकं, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, मोबाइल, आणि टॉम ठेवायला गादी किंवा गोधडी. सगळे ड्रम एकदम उघडू नका. एक उघडा, पूर्ण करा, मग दुसरा. स्क्रू आणि वायसर मिसळले की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

टॉम उलटा करून गोधडीवर ठेवा. त्यानं वरचं पान दबून गप्प राहतं, आणि पुढे स्वर लावताना फक्त खालचंच ऐकू येतं. उघडायच्या आधी एक फोटो काढा.

स्क्रू सोडताना एकच स्क्रू पूर्ण काढून मोकळं होऊ नका. एका बाजूचा ताण अचानक गेला की रिम तिरकी ओढली जाते. प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा ढिला, लगेच त्याच्या समोरचा अर्धा फेरा, असं समोरासमोर जात राहा. सगळे सैल झाले की मग हातानं काढा.

पान निघालं की खोडाचा काठ दिसेल. सेटचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात कमी पाहिला जाणाराही हाच. कोरड्या फडक्यानं पुसा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक असते, ती काठावर थर करून बसते. मग डोळे मिटून बोट काठावरून सगळीकडे फिरवा. कुठं टोचलं, खाच लागली, तर तिथं पान नीट टेकणार नाही. घरात काचेचा टीपॉय असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून काचेवर ठेवा, त्यावर टॉम हा मोकळा काठ खाली करून ठेवा आणि खोलीतला दिवा बंद करा. काठाखालून कुठं उजेडाची फट दिसली तर काठ तिथं दबलेला आहे. कागद सरकेल एवढी फट असेल तर कसबी माणसाकडूनच दुरुस्त करून घ्या. स्वतः सँडपेपर घेऊन बसलेल्यांचे ड्रम मी पाहिलेत.

आता स्क्रू. फडक्यानं पुसा, आट्यांवर मशीनचं तेल एक थेंब, एकच. व्हॅसलिन चालतं. जास्त तेल लावलं की धूळ चिकटून चिखल होतो, शिवाय स्क्रू आपोआप ढिले पडायला लागतात. वायसर नसेल तर नवा घाला. वायसरशिवायचा स्क्रू रिमला घासत फिरतो, आणि ताण आला असं वाटतं तेव्हा तो आलेलाच नसतो.

नवं पान काठावर ठेवा आणि बोटानं गोल फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. अडखळलं तर माप चुकलंय किंवा खोडाचं वरचं प्लास्टिकचं कव्हर कडेला सुटलंय. कंपनीचं चिन्ह ड्रमवरच्या बिल्ल्यासमोर आणायची काहींना हौस असते. आवाजात काही फरक पडत नाही, पण फोटोत बरं दिसतं.

रिम ठेवा, सगळे स्क्रू बोटांनी, चावी न लावता, बसतील तितके बसवा. इथं घाई करायची नाही. सगळे स्क्रू सारखेच बसलेत हे इथं जमलं तर पुढचं निम्मं काम झालं.

चावीनं आवळायचं घड्याळाच्या हिशेबानं. सहा स्क्रूचा टॉम असेल तर ते बारा, दोन, चार, सहा, आठ, दहा असे असतात. बारावर अर्धा फेरा, मग सहावर, मग दोनवर, आठवर, चारवर, दहावर. शेजारशेजारी जात गेलात तर पान एका बाजूला सरकून बसतं आणि मग कितीही फिरवा, स्वर जुळत नाही. सुरकुत्या जाईपर्यंत असे अर्धे-अर्धे फेरे. मग तळवा पानाच्या मध्ये ठेवून बेतानं दाबा. कडकड आवाज येईल. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, पण तो कडेच्या डिंकाचा आवाज आहे, पान काठावर बसतंय. दाबल्यावर परत सुरकुत्या आल्या तर पुन्हा एक फेरी.

स्वर जुळवणं

इथं मी हार्मोनियम काढतो. ज्यांच्या घरी भजन आहे त्यांना हा भाग पाच मिनिटांत कळतो, बाकीच्यांनी मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप घ्यावं.

स्क्रूपासून दोन बोटं आत, एकेका स्क्रूसमोर काठीच्या टोकानं हलकं टिचकवा. प्रत्येक ठिकाणी स्वर सारखा यायला हवा. कुठं उतरलेला असेल तिथं पाव फेरा आवळा. कुठं चढला असेल तर सरळ थोडा सोडून थांबू नका. त्याला गरजेपेक्षा खाली आणा आणि खालून वर चढवा. उतरवत आणलेला स्वर चार गाण्यांत आणखी घसरतो. एक स्क्रू फिरवला की समोरचाही बदलतो, म्हणून दर वेळी समोरचा ऐकायचा.

आता खालचं पान वरच्याच्या तुलनेत कुठं ठेवायचं? दोन्ही एकाच स्वरात लावली तर गुंज सगळ्यात लांब. रिकाम्या खोलीत छान वाटतं, पण मंडपात माइक लागले की सगळं एकात एक मिसळतं. मी खालचं जरा चढं ठेवतो: वरचं 'सा' धरलं तर खालचं कोमल 'ग'च्या आसपास. ठोका स्पष्ट येतो, गुंज वेळेवर मरते. खालचं वरच्यापेक्षा उतरवलं तर स्वर ठोक्यानंतर 'डूऊ' करून खाली घसरतो. फ्लोअर टॉमवर काहींना ते आवडतं, मला नाही.

जिंतूरच्या पोराच्या टॉमला हेच केलं. नवा स्क्रू टाकला, १० मिलचं पान बसवलं, कोमल 'ग'वर आणलं. त्यानं एक काठी मारली, मग परत एक, मग माझ्याकडे न बघता पाच मिनिटं तोच टॉम वाजवत बसला.

स्नेअर: इथं सावकाश

खटका (तारा पानाला टेकवायची-सोडायची कळ) खाली करून तारा सैल करा. तारांच्या पट्ट्या दोन बाजूंना अडकवलेल्या असतात: एका बाजूला खटका, समोर साधा पकडणारा तुकडा. साध्या बाजूचे स्क्रू सोडा, खटक्याची बाजू तशीच राहू द्या, म्हणजे पट्टीची लांबी शोधत बसावं लागत नाही. तारा खटक्याच्या बाजूला अलगद वळवून ठेवा. त्यांना वाकवलं, ओढलं की गेल्या. एक तार जरी पिळली तरी ती वेगळीच वाजत राहते.

पान काढल्यावर काठ बघा. खटक्याच्या बाजूला आणि बरोबर समोर काठ किंचित खोलगट दिसेल. तो झिजलेला नाही, मुद्दाम घडवलेला आहे, तारा पानाला सपाट टेकाव्यात म्हणून. एका भाबड्या माणसानं तो 'खराब' काठ घासून सपाट केल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

खालच्या रिमला दोन ठिकाणी चौकोनी फटी असतात, पट्टी जायला. त्या फटी खटक्यासमोर आणि त्याच्या विरुद्ध बाजूलाच आल्या पाहिजेत. सगळे दहा स्क्रू आवळून झाल्यावर फट भलतीकडेच आलीय हे कळणं, हा प्रत्येकाला एकदा तरी येणारा अनुभव. पहिला स्क्रू लावायच्या आधी फटी बघा.

हे पान तळव्यानं दाबायचं नाही. टॉमची सवय इथं लावली तर तीन मिलची फिल्म ताणून वाया जाईल. पाव-पाव फेऱ्यानं, समोरासमोर, धीरानं चढवा. खोलगट जागेच्या दोन्ही बाजूच्या स्क्रूंपाशी एखादी बारीक सुरकुती हटत नाही. तेवढ्या जागी अर्धा फेरा जास्त द्या, आणि तरी किंचित राहिली तर राहू द्या.

हे पान चांगलं ताठ लागतं. वरचं 'सा' तर हे 'म'पासून 'प'पर्यंत. अंगठ्यानं मध्ये हलकं दाबलं तर जेमतेम हललं पाहिजे. नवशिके फाटेल या भीतीनं ते सैल ठेवतात आणि मग स्नेअर घशात खाकरल्यासारखा वाजतो. सारख्या ताणानं चढवलेलं पान फाटत नाही. ते फाटतं ते स्टँडचे हात खालून टोचून, काठीचं टोक लागून, किंवा तारांच्या पट्टीची कड रुतून.

तारा परत लावताना त्या पानाच्या बरोबर मधोमध याव्यात, दोन्ही टोकं काठापासून सारख्या अंतरावर. साध्या बाजूला पट्टी घालून हलकीच ओढा, दोन्ही स्क्रू सारखे आवळा. खटका वर करा. पट्टी तुटली असेल तर प्लास्टिकची पट्टी किंवा बारीक नायलॉनची दोरी घ्या. परकराची नाडी बांधलेली मी दोन ठिकाणी पाहिलीय. ती दर दोन गाण्यांनी सैल पडते, आणि वाजवणारा प्रत्येक अंतऱ्यात खाली वाकलेला दिसतो.

मग खटक्याजवळचं गोल बटन पूर्ण ढिलं करून हळूहळू आवळत जा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं वरच्या पानाच्या कडेला टिचक्या मारा. तारा आधी फडफडतील, मग एका ठिकाणी आवाज स्वच्छ 'चक्' येईल. तिथं थांबा. त्यापुढे आवळलं की तारा गुदमरतात आणि स्नेअर पुन्हा डब्यासारखा होतो.

टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा आपोआप झणझणतात ही तक्रार हमखास येते. थोडी झणझण राहणारच, एका खोलीत दोन ड्रम आहेत. फार असेल तर त्या टॉमचा स्वर अर्धा सूर इकडं-तिकडं करा किंवा स्नेअरचं खालचं पान किंचित हलवा. तारांमध्ये कागद खुपसू नका.

बेसचं पुढचं पान

याला खालचं म्हणायचं ते फक्त नात्यानं. ते श्रोत्यांकडे तोंड करून असतं. पैसे कमी असतील तर हे सगळ्यात शेवटी. फाटलेलं नसेल तर वर्षानुवर्षं चालतं.

प्रश्न असतो तो भोकाचा. साउंडवाला माइक आत घालायला भोक मागतो. चार ते पाच इंचाचं, मध्यभागी नाही तर एका बाजूला असलेलं भोक पुरतं. तयार भोकाची पानं मिळतात. सात इंचाच्या पुढे गेलात तर पुढचं पान असून नसल्यासारखंच. घरी पाडायचं असेल तर चिकटवायची तयार प्लास्टिकची रिंग आणा, ती आधी चिकटवा आणि तिच्या आतल्या कडेनं नवं ब्लेड फिरवा. स्टीलचा डबा गॅसवर लाल करून दाबणारे बहाद्दर आहेत. धूर नाकात जातो आणि भोक वेडंवाकडं वितळतं.

पथकाचं नाव रेडियमवाल्याकडून करून घेता ना? अक्षरं छोटी ठेवा. पूर्ण पानभर रेडियम चिकटवलं की पानाचं वजन वाढतं आणि ते गप्प होतं. अर्थात ज्यांना बेस दबलेलाच हवा त्यांचं फुकटात काम होतं. बाकीच्यांनी आत एक जुनी गोधडी घडी करून ठेवावी, दोन्ही पानांना जेमतेम शिवेल अशी. आजीच्या हातची पातळ गोधडी यासाठी बाजारातल्या उशीपेक्षा बरी, हवी तेवढी उलगडता येते.

बदलून झाल्यावर

नवी पानं पहिल्या रात्री उतरतात. संध्याकाळी बसवलेला सेट सकाळी पुन्हा एकदा सगळीकडे टिचकवून बघा. कार्यक्रमाच्याच दिवशी सगळी पानं बदलू नका, निदान एक दिवस आधी. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत सेट टेम्पोत उन्हात उभा राहिला तर फिल्म तापून सैलावते; सावलीत आणून अर्धा तास ठेवा, मग चावी हातात घ्या. पान फिल्मचं असलं तरी त्याला ऊन लागतंच, फक्त कातड्याइतकं नाही.

किती दिवसांनी बदलायची? मी स्नेअरचं खालचं वर्षातून एकदा, भीमजयंतीच्या आधी बदलतो, कारण तिथून लगीनसराई संपेपर्यंत उसंत नसते. टॉमची दोन-तीन वर्षांनी. गॅदरिंगपुरता किंवा विद्यापीठाच्या युवक महोत्सवापुरता सेट काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांची याहून जास्त टिकतील. पण फिल्म धुरकट झाली, स्क्रू सोडल्यावर पानात वाटीसारखा फुगवटा तसाच राहिला, किंवा स्वर जुळवून जुळत नाही असं झालं की तारीख बघत बसू नका.

आणि स्नेअरचं एक जादा खालचं पान जवळ ठेवाच. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, चारी बाजूंनी टेप मारून, सिंबलच्या पिशवीत मागच्या कप्प्यात. सिंबलला लागून नको, मध्ये पुठ्ठा पाहिजेच. पिशवीवर कुणाला ॲम्प ठेवू देऊ नका, आणि पुठ्ठ्यावर मार्करनं ठळक लिहून ठेवा: 'स्नेअर साइड, १४'. अंधारात, स्टेजमागं, कुणीतरी दुसराच ते काढून देणार असतो.